पुण्यात नदीकाठचा आलिशान फ्लॅट घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बोट क्लब रोड या पट्ट्यात घर शोधणारे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. माझं काम खरेदीदाराच्या बाजूने कागद आणि जागा तपासण्याचं. माहितीपत्रकात संगमरवर, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव यांवर पानंच्या पानं असतात आणि नदीवर एखादी ओळ. जास्तीचे पैसे मात्र तुम्ही नदीसाठीच मोजणार असता. म्हणून इथे नदीबद्दल जास्त आणि टाइल्सबद्दल कमी लिहिलं आहे.

'रिव्हरफ्रंट' म्हणून नेमका कुठला भाग विकला जातो?

मुळा आणि मुठा संगम पुलाजवळ एकत्र येतात. तिथून पुढे मुळा-मुठा पूर्वेकडे वाहते. नदीच्या दक्षिणेला बोट क्लब रोड, बंडगार्डन, कोरेगाव पार्क. उत्तरेला येरवडा आणि कल्याणीनगर. जुना, खानदानी नदीकाठ तो हाच. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून इथे आहे आणि बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल त्याच्या आसपासच्याच काळातला. पुढे मुंढवा, केशवनगर, खराडी इथेही नदीकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 'कोरेगाव पार्क ॲनेक्स' या नावाने विकली जाणारी बरीचशी घरं प्रत्यक्षात मुंढवा किंवा घोरपडीच्या हद्दीत आहेत. तिथलं घर वाईट असतं असं नाही, पण भाव कोरेगाव पार्कचा देऊ नका. जाहिरात बाजूला ठेवा आणि करारनाम्यात मौजे, म्हणजे महसुली गावाचं नाव, काय लिहिलंय ते वाचा.

कोरेगाव पार्कचा काठ चांगला की कल्याणीनगरचा?

हा प्रश्न आवडीचा कमी आणि उन्हाचा जास्त आहे. कोरेगाव पार्कातून नदी उत्तरेला दिसते, त्यामुळे नदीकडच्या खोल्यांत थेट ऊन फारसं येत नाही. उन्हाळ्यात हे सुख आहे. कल्याणीनगरच्या घरांतून नदी दक्षिणेला. हिवाळ्यात ऊन दिवाणखान्यात आत येतं, पण मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेच्या काचा तापतात. वडाची आणि पर्जन्यवृक्षांची सावली असलेले रस्ते हवे असतील तर कोरेगाव पार्क. मेट्रो पायी गाठायची असेल तर कल्याणीनगर. वनाज-रामवाडी मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे आणि रूबी हॉल ते रामवाडी हा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. शिवाय त्या काठाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा हिरवा तुकडा आहे. त्याच्यासमोरचं घर मिळालं तर मी तरी त्याला झुकतं माप देईन.

इथे पूर येतो का?

येतो. जो विक्रेता 'छे, आमच्याकडे कधीच नाही' म्हणतो, त्याला कुठल्या वर्षापर्यंतचं आठवतंय ते विचारा.

संगमाच्या खालच्या बाजूला घर घेताना लक्षात ठेवायचं ते असं, की तुमच्यासमोरून एकट्या मुठेचं पाणी जात नाही. मुठेवर खडकवासला, आणि त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर. मुळेवर मुळशी. पवना धरणातून निघालेली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. जोराच्या पावसाळ्यात ही सगळी धरणं जवळपास एकाच वेळी भरतात, आणि सोडलेलं पाणी संगमाजवळ एकत्र होतं. धरणांच्या खाली शहरात पडणारा पाऊस ओढ्या-नाल्यांतून येतो तो वेगळाच. विसर्ग किती, एवढ्यावर पूर ठरत नाही. नदीचं पात्र किती मोकळं आहे, पुलांखाली काय अडकलंय आणि आपल्या जागेची पातळी काय आहे, यावरही तो ठरतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं. तो अपघात होता, नेहमीचा पूर नव्हे. पण पुण्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजून येतो आणि यायलाच हवा. अलीकडचं उदाहरण २५ जुलै २०२४ चं. खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले. ती वस्ती तुमच्या काठापासून दूर असली, तरी त्यातून शिकण्यासारखं एक आहे: वरच्या मजल्यावरची माणसं कोरडी होती, पण खाली वीज नव्हती, लिफ्ट नव्हती, पिण्याचं पाणी नव्हतं.

म्हणून अठराव्या मजल्याचा फ्लॅट बघायला गेलात तरी आधी तळघरात उतरा. ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, जनरेटर, पाण्याच्या टाक्या आणि सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र कुठल्या पातळीवर आहे ते बघा. हे सगळं तळघरात आणि तळघराचा उतार नदीकडे, असं असेल तर तो फ्लॅट कितीही उंचावर असला तरी पुरात अडकणार. भिंतीवर ओलीची आडवी रेघ दिसली तर तिची उंची मोजून घ्या. सुरक्षारक्षकाशी आणि गाड्या धुणाऱ्याशी दोन शब्द बोला. २०१९ आणि २०२४ मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे त्यांना विक्री प्रतिनिधीपेक्षा नक्की ठाऊक असतं.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय? कुठे तपासायची?

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे नवीन इमारत उभी करता येत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकामाला अटींवर परवानगी मिळते. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ते बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावं लागतं.

'२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षं निवांत, असा नाही. दर पावसाळ्यात त्या पातळीचा पूर येण्याची शक्यता ४ टक्के, असा तो हिशेब आहे. वीस वर्षांचं गृहकर्ज काढलंत तर त्या काळात निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते.

तपासायचं तीन ठिकाणी. महापालिकेच्या विकास आराखड्याचा नकाशा आणि त्या भूखंडाचा झोन दाखला घ्या. बिल्डरकडून मंजूर नकाशा मागा. त्यावर दोन्ही रेषा रंगाने दाखवलेल्या असतात आणि इमारतीचा प्रत्येक विंग त्यांच्या कुठल्या बाजूला आहे हे दिसतं. तिसरं, शंका असेल तर सिंचन भवनात जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करा. वेळ लागतो, पण एवढ्या रकमेच्या व्यवहारात तेवढा थांबा परवडतो. नकाशावरची पातळी मीटरमध्ये असते. इमारतीच्या जोत्याची, म्हणजे तळमजल्याखालच्या चौथऱ्याची, पातळीही मीटरमध्ये लिहून मागा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. 'रेषेच्या बाहेर आहे' या तोंडी वाक्याला काहीच किंमत नाही.

पात्रात भराव टाकून जमीन उंच केली असेल तर तिथे फार सावध राहा. नकाशावर भूखंड सुरक्षित दिसतो आणि पाणी शेजारच्याच्या घरात शिरतं. असं घर घेणं मला योग्य वाटत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

वास येतो का?

जागेवर अवलंबून आहे, आणि महिन्यावर. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटतं तेव्हा नदी खरोखर नदी असते. दिवाळीनंतर प्रवाह ओसरतो. फेब्रुवारीपासून पात्रात जे वाहतं त्यात शुद्ध न केलेल्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. त्याच सुमारास जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. माहितीपत्रकातला फोटो बहुतेक वेळा ऑगस्टचा असतो.

म्हणून घर दोनदा बघा: एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, सूर्यास्तानंतर, गॅलरीचं दार उघडून. सकाळी अकराला वातानुकूलित सॅम्पल फ्लॅटमध्ये बसून काही कळत नाही. जवळपास कुठला नाला नदीला मिळतो ते शोधा. पुण्यात वारा बराच काळ पश्चिमेकडून असतो, त्यामुळे नाल्याच्या किंवा सांडपाणी प्रकल्पाच्या पूर्वेला असलेल्या इमारतीला त्रास जास्त.

एक खात्रीची खूण सांगतो. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि तो तांबं व चांदी काळी पाडतो. त्या इमारतीत राहणाऱ्या एखाद्या ताईंना विचारा, देवघरातली चांदीची निरांजनं किती दिवसांत काळी पडतात, आणि एसीचा गॅस किती वेळा भरावा लागतो. तांब्याची कॉइल पुनःपुन्हा गळत असेल तर हवेत काय आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि डास?

आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा-केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांचे उंचच उंच स्तंभ दिसले होते आणि त्या चित्रफिती देशभर फिरल्या. डासांचा उपद्रव वरच्या मजल्यांवर कमी होतो, पण दिव्याकडे झेपावणारे किडे बरेच वर येतात. खिडक्यांना जाळी बसवायची सोय खिडकी घेतानाच करून घ्या. जमिनीपासून छतापर्यंतच्या मोठ्या सरकत्या काचांना नंतर जाळी बसवणं महाग पडतं आणि दिसायलाही ओबडधोबड होतं.

नदीसुधार झाल्यावर भाव वाढेल, असं एजंट सांगतात. खरं आहे का?

दोन वेगळे प्रकल्प आहेत आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. एक, जपानच्या 'जायका' संस्थेच्या अर्थसाहाय्यातून चाललेला प्रदूषण कमी करण्याचा: ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. दुसरा, महापालिकेचा नदीकाठ सुशोभीकरणाचा: मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर. त्याचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं आणि संगम पूल, बंडगार्डन, मुंढवा याच पट्ट्यात आधी काम सुरू झालं.

घराच्या दृष्टीने पहिला प्रकल्प जास्त महत्त्वाचा. काठावर कितीही छान फरशी घातली, तरी पाणी घाण असेल तर गॅलरीचं दार बंदच राहणार. दुसऱ्याबद्दल शहरात तीव्र मतभेद आहेत. काठ बांधून पात्र अरुंद होईल, जुनी झाडं जातील, पुराची पातळी वाढेल, हे आक्षेप नदीप्रेमींनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेले. मला ते आक्षेप गंभीर वाटतात. ज्या झाडांमुळे तुम्ही हे घर निवडलंत तीच झाडं उद्या कामात जाऊ शकतात.

थोडक्यात, आज नदी जशी आहे तशी पटत असेल तरच घ्या. उद्याच्या नदीचे पैसे आज देऊ नका.

समोरचं दृश्य कायम राहील याची हमी मिळते का?

मिळत नाही. करारनाम्यात तसं कलम सहसा नसतं. आपली इमारत आणि पाणी यांच्यामध्ये जे आहे त्यावर सगळं अवलंबून. मध्ये निषिद्ध क्षेत्र किंवा आराखड्यातला हरित पट्टा असेल तर दृश्य बरंचसं सुरक्षित. मध्ये एखादा जुना बंगला असेल तर नाही. कोरेगाव पार्क आणि बोट क्लब रोडवर जुन्या बंगल्यांच्या जागी मनोरे उभे राहतायत. विमानतळामुळे आणि लष्करी आस्थापनांमुळे या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. त्यांचा काही वेळा तुम्हाला फायदा होतो, काही वेळा तुमच्याच इमारतीची ना-हरकत अडकते. विमानतळाचं आणि लष्कराचं, अशी दोन्ही ना-हरकत पत्रं मागून बघा.

विमानांचा आवाज?

लोहगाव हवाई दलाचा तळही आहे आणि नागरी विमानतळही. कल्याणीनगरला जास्त जाणवतो. दुहेरी काचांनी आतला आवाज कमी होतो, गॅलरीतला नाही.

क्षेत्रफळात फसवणूक कशी टाळायची?

या घरांची मोठी ओढ म्हणजे नदीकडची लांबरुंद गॅलरी, आताच्या भाषेत 'डेक'. रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, बाहेरच्या भिंती, गॅलरी, व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आतल्या भिंती धरतात. विक्रीच्या वेळी मात्र सगळं एकत्र करून आकडा सांगतात. तुम्ही दोनच आकडे मागा: रेरा कार्पेट किती आणि गॅलरी किती. मग एकूण किमतीला रेरा कार्पेटने भागा. दोन प्रकल्पांची तुलना फक्त याच दराने होते. करारनाम्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट.

गॅलरी बंद करून खोली वाढवलेला जुना फ्लॅट असेल तर ते बांधकाम मंजूर नकाशात आहे का बघा. नसेल तर त्या जागेचे पैसे खोलीच्या दराने देऊ नका.

घोषित किमतीवर आणखी किती खर्च येतो?

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के. घर केवळ महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत; नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा शासकीय बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर.

५ कोटींचं घर धरा. मुद्रांक शुल्क ३५ लाख, महिलेच्या नावावर ३० लाख. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच्या पहिल्या विक्रीवर आणि पुनर्विक्रीवर जीएसटी नाही. हा फरक पाहता, तयार घराचा दर थोडा जास्त वाटला तरी हिशेब करून बघा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या प्राप्तिकरापोटीची कपात) कापून सरकारात भरायची जबाबदारी खरेदीदाराची. तो वेगळा खर्च नाही, विक्रेत्याच्या रकमेतूनच जातो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर मात्र १ टक्क्याचा नियम लागू नाही, कपात खूप मोठी असते. तिथे सीए गाठल्याशिवाय पहिला चेकसुद्धा देऊ नका.

नवीन प्रकल्पात काय बघायचं, रिसेलमध्ये काय?

नवीन असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट तिथे जाता. मंजुरी, ताबा देण्याची तारीख, चालू असलेले दावे, सगळं तिथे असतं. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करणं त्याला बंधनकारक आहे. नदीकाठी तळघराची गळती हा नेहमीचा विषय, म्हणून हे विसरू नका.

रिसेलमध्ये भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), आधीच्या प्रत्येक व्यवहाराचा नोंदवलेला करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, एवढं मागा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, करून घ्या. आणि एक प्रश्न जरूर विचारा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? हे हस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स. तो झालेला नसेल तर प्रॉपर्टी कार्डावर अजून जुन्या मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असतं, आणि पुढे पुनर्विकासाच्या वेळी तेच आडवं येतं. या भागात काही जमिनी भाडेपट्ट्याच्या आहेत. भाडेपट्टा असेल तर किती वर्षं उरली आहेत ते करारात वाचा.

नदीकाठी राहून पाण्याचा प्रश्न येतो का?

नदीचं पाणी घरात येत नाही. शहराच्या पूर्व भागासाठी भामा-आसखेड योजना २०२१ पासून सुरू आहे, तरीही अनेक मोठ्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात. मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं सोसायटीच्या कार्यालयात मागा. चांगली चालवलेली सोसायटी ती दाखवते.

देखभाल खर्च एवढा का?

तलाव, जिम, जनरेटर, सांडपाणी प्रकल्प, दर पावसाळ्याआधी पंपांची तयारी, डासांची फवारणी. दरमहा रक्कम ७,५०० च्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे असेल तर १८ टक्के जीएसटीही लागतो. स्वतः राहणार असाल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरून मिळकतकरात ४० टक्के सवलत घ्या. नवीन मालक हे बऱ्याचदा विसरतात.

विमा सोसायटीच्या इमारतीचा वेगळा आणि तुमच्या घरातल्या सामानाचा वेगळा. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर येतो. गाडी तळघरात उभी राहणार असेल तर मोटार विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत.

कुठला मजला घ्यावा?

माझ्या मते झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरचा. खालून पाणी दिसत नाही, फार वरून नदी म्हणजे नुसती एक रेघ. शेंड्यांच्या वर असलात तर हिवाळ्यात चक्रवाक आणि शेकाटे दिसतात, आणि लिफ्ट बंद पडली तर आजी-आजोबा जिना चढू शकतात.

आम्ही अमेरिकेत असतो. तिथून घर घेता येईल?

येईल. अनिवासी भारतीयांना निवासी घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन घेता येत नाही. पैसे एनआरई, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून किंवा बँकेमार्फत परदेशातून यावेत. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरा. मुखत्यारपत्र फक्त या एका घरापुरतं लिहा, सर्वाधिकाराचं नको. आणि व्हिडिओ कॉलवर घर बघणार असाल तर इथल्या नातेवाइकाला मे महिन्यात संध्याकाळी तिथे पाठवा, आणि गॅलरीइतकंच तळघरही दाखवायला सांगा.

भावात घासाघीस कशाच्या जोरावर करायची?

'बाजार मंदावलाय' या युक्तिवादाने फारसं हलत नाही. कागदाने हलतं. जोत्याची पातळी आणि लाल रेषा यांतलं अंतर, पॅनेल तळघरात असणं, एसीच्या दुरुस्तीची बिलं, टँकरचा खर्च, कन्व्हेयन्स न होणं, बंद केलेली गॅलरी: प्रत्येक मुद्द्यापुढे रुपये लिहा आणि तो कागद समोर ठेवा. शेजारच्या इमारतींतले गेल्या वर्षभरातले व्यवहार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टूमध्ये सापडतात. सांगितलेला भाव नाही, तर प्रत्यक्ष नोंदवलेला भाव तिथे दिसतो. दोन-तीन व्यवहारांच्या प्रती काढून घेतल्या की विक्रेत्याशी बोलणं बरंच सोपं होतं.